बालवाडी बघायला जाल तेव्हा



संक्रांतीची हळदीकुंकवं सुरू झाली की आमच्या गल्लीत दोनच विषय असतात. यंदा वाणात कोणी काय लुटलं, आणि कोणाच्या मुलाचा नंबर कुठल्या नर्सरीत लागला. वाणाचा विषय दोन मिनिटांत संपतो. दुसरा मात्र रथसप्तमीपर्यंत पुरतो. ज्यांच्या मुलांचं झालं त्या जरा ताठ बसतात, आणि ज्यांचं व्हायचंय त्या तीळगूळ हातात धरून ऐकत राहतात.

अशातच विट्याच्या एका भगिनीचं पत्र आलं. त्या लिहितात, ‘माझा मुलगा पुढच्या महिन्यात तीन वर्षांचा होईल. घरी खूप बडबडतो, पण परक्या माणसासमोर तोंड उघडत नाही. मोठ्या शाळेच्या नर्सरीत मुलाखत आहे. रंग, फळं, प्राणी इंग्रजीतून विचारतात म्हणे. हे रोज कामावरून आले की त्याची उजळणी घेतात आणि तो रडतो. सासूबाई म्हणतात जवळच्या बालवाडीत घाला. मी काय करू? आणि मुलाखतीसाठी त्याला काय शिकवू?’

या बाईंना उत्तर देण्याआधी मला माझीच एक गोष्ट सांगायला हवी. इतकी वर्षं ती मी या पानावर लिहिलेली नाही. कारण सरळ आहे, लाज वाटत होती.

माझा थोरला आता पाचवीत आहे. तो तीन वर्षांचा झाला तेव्हा मी सांगलीतल्या तीन-चार नर्सऱ्या बघितल्या. बघितल्या म्हणजे काय, फाटक बघितलं, रंगवलेल्या भिंती बघितल्या, आणि ऑफिसातल्या बाई किती फाडफाड इंग्रजी बोलतात ते बघितलं. माझं स्वतःचं सगळं शिक्षण मराठीतून झालेलं. बी.ए. झाले तरी चारचौघांत इंग्रजीत एक वाक्य बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. आपलं राहिलं ते पोराला मिळावं, एवढाच विचार. जी सगळ्यात चकचकीत तिथे नाव घातलं. फी भरण्यासाठी भिशीचे पैसे काढले.

चार महिने सगळं छान चाललं, असं मला वाटत होतं. वहीवर लाल शाईत ‘व्हेरी गुड’ यायचं. गोल गोल अक्षरांनी पानं भरलेली असायची. मी ती वही येईल-जाईल त्याला दाखवायची. पोरगं मात्र घरी आल्या आल्या दप्तर टाकून बाथरूमकडे पळायचं. मला वाटे, खेळाच्या नादात राहिलं असेल. मग पाणी पिईनासा झाला. सकाळी दूधही नको म्हणायचा. आणि नवरात्रात एके रात्री सणकून ताप भरला, लघवी करताना कळवळून रडायला लागला. डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली आणि रिपोर्ट बघून मला एकच प्रश्न विचारला, “हा शाळेत शू ला जातो का?”

मला उत्तर माहीत नव्हतं. मी स्वतः अर्धवेळ का होईना, शिक्षिका. रोज चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग सांभाळते. आणि माझाच मुलगा साडेतीन तास शू ला जातो की नाही, मला ठाऊक नाही!

त्यालाच जवळ घेऊन विचारलं. तो म्हणाला, “मला ते म्हणता येत नाही.” काय म्हणता येत नाही? तर तिथे नियम असा होता, की बाथरूमला जायचं तर इंग्रजीतून परवानगी मागायची. ‘मे आय गो टु टॉयलेट, मिस?’ हे पूर्ण वाक्य म्हटलं तरच जायला मिळायचं. मराठीत विचारलं की बाई म्हणायच्या, नीट विचार. आणि बाकीची पोरं हसायची. तेव्हा यानं आपल्या साडेतीन वर्षांच्या अकलेनं तोड काढली होती. पाणीच प्यायचं नाही. म्हणजे विचारायलाच नको.

मी शाळेत गेले. तिथल्या मुख्य बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, “सवय लागावी म्हणून करतो आम्ही. तुम्हीच घरी इंग्लिश बोलत नाही, तर इथे तरी व्हायला नको का?” खरं सांगते, मी मान खाली घालून परत आले. आणि घरी त्याच्याकडून ते वाक्य घोटून घेतलं! वाक्य आलं. तरीही तो गेला नाही तो नाहीच. शेवटी दिवाळीनंतर त्याला पाठवलंच नाही. फी परत मिळाली नाही, ती मिळणारही नव्हती. सासूबाईंनी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. जूनपर्यंत तो त्यांच्याबरोबर शेंगा फोडत आणि फुलं वेचत घरी राहिला. आज तो ठणठणीत आहे. पण अजूनही कुठे बाहेर निघायचं म्हटलं की दोनदा बाथरूमला जाऊन येतो, आणि प्रवासात पाण्याच्या बाटलीला हात लावत नाही.

म्हणून विट्याच्या ताईंना आणि तुम्हां सगळ्यांना माझं पहिलं सांगणं. बालवाडी बघायला जाल तेव्हा आधी बाथरूम बघा. हसू नका. भिंतीवरचा मिकी माऊस नंतर बघा. दार मुलाला उघडता येतं का, आतून कडी लागून पोर अडकणार नाही ना, नळ त्याच्या हाताला येतो का, बरोबर जायला कोणी मावशी आहे का, आणि मूल कपड्यात ओलं झालं तर काय करतात. हा शेवटचा प्रश्न बाईंना तोंडावर विचाराच. “कपड्यांचा एक जोड देऊन ठेवा, आम्ही बदलतो,” असं सहज उत्तर आलं तर निम्मं काम झालं. “आमच्याकडे मुलं तसं करत नाहीत,” असं ऐकू आलं तर तिथून निघा.

आता धाकटी तीन वर्षांची झाली आणि पुन्हा तोच प्रश्न दारात उभा राहिला. या वेळी मी ठरवलं, वर्ग चालू असताना अर्धा तास आत बसू देतील तिथलाच विचार करायचा. पहिल्या ठिकाणी फाटकावरच पाटी, ‘पालकांना वर्गात प्रवेश नाही’. ऑफिसात मात्र पडद्यावर कॅमेऱ्यातून सगळे वर्ग दिसत होते. तीस-बत्तीस मुलं बाकावर, एक बाई फळ्याशी, आणि आवाज नाही. तीन वर्षांची तीस मुलं एकत्र असताना आवाज येत नसेल तर मला तरी भीतीच वाटते. केंद्र सरकारचं २०१३ सालचं बालसंगोपन आणि शिक्षणाचं धोरण आहे, त्यात तीन ते सहा वर्षांच्या २० मुलांमागे एक मोठं माणूस असावं असं म्हटलंय. २० ही काही चैन नाही. घरात दोन असली तरी आपली काय त्रेधा उडते!

दुसऱ्या ठिकाणी ‘मॉन्टेसरी’ अशी मोठी पाटी. लाकडी ठोकळे, मण्यांच्या माळा, गुलाबी मनोरा, सगळं साहित्य होतं. काचेच्या कपाटात, आणि कपाटाला कुलूप. “मुलं हरवतात हो,” बाई म्हणाल्या. मारिया मॉन्टेसरीबाईंनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं, तेव्हा त्यातली मुख्य गोष्टच ही होती, की वस्तू मुलाच्या उंचीच्या फळीवर उघड्या ठेवायच्या. मुलानं आपणहून उचलायच्या, हवं तितका वेळ खेळायच्या आणि जागच्या जागी ठेवायच्या. या बाई १९३९ साली मद्रासला आल्या, महायुद्धामुळे इथेच अडकल्या आणि १९४६ पर्यंत राहिल्या. त्या काळात त्यांनी आपल्याकडच्या कितीतरी शिक्षकांना तयार केलं. पण त्यांचं नाव काही कोणाच्या मालकीचं नाही. कोणीही पाटीवर लिहू शकतो. तेव्हा पाटी वाचून भुलू नका, कपाटाला कुलूप आहे का ते बघा.

आणि असंही समजू नका, की महागाचे ठोकळे नाहीत म्हणजे शिक्षण नाही. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर काढलं. आपल्या ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर राहून शिकल्या. पुढे १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डीला त्यांनी अनुताई वाघांना बरोबर घेऊन खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, नंतर कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. गरिबाची मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची. अंगणवाडी ही कल्पना तिथली. आणि साहित्य कुठलं? चिंचोके, बिया, शंखशिंपले, पानं, माती. लहान-मोठं, जड-हलकं, गुळगुळीत-खरखरीत हे चिंचोक्यानंही कळतं. आपल्या स्वयंपाकघरात तर ते रोज कळतं. वाटाणे आणि चवळी एकत्र करून निवडायला द्या, पोरगी अर्धा तास हलत नाही.

अंगणवाडीचं निघालंय तर तेही सांगते. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारनं ही योजना देशभर आणली, आणि आपल्या घराजवळ एखादी असतेच. पण आपण पांढरपेशा बायका तिकडे वळूनही बघत नाही. मी गेले. एकच खोली, पत्र्याचं छप्पर, पण सेविकाबाईंना प्रत्येक मुलाचं वजन तोंडपाठ. कोण कालपासून सर्दीनं आलं नाही, कोणाच्या घरी बाळ झालंय, सगळं ठाऊक. मुलं मांडी घालून खिचडी खात होती आणि एक चिमुरडी दुसऱ्याला भरवत होती. मनात आलं, इथे घातली तर काय बिघडलं? फी नाही, घरापासून दोन मिनिटांवर. तरी मी घातलं नाही. अडचण कसली नव्हती. लोक काय म्हणतील, जाऊबाई काय म्हणतील, एवढंच. हे लिहितानाही बरं वाटत नाहीये, पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

शेवटी जिथे घातलं ती बालवाडी एका जुन्या वाड्यात आहे. बावीस मुलं, दोन बाई, एक मावशी. मी अर्धा तास बसते म्हटल्यावर बाई म्हणाल्या, “बसा की. जमलं तर वाटाणे सोला, आज मुलांना उसळ आहे.” मी सोलत बसले. अंगणात वाळूचा ढीग, त्यात पाच-सहा जणं. एक मुलगा कोपऱ्यात नुसता उभा. मी बघत होते, आता याला ओढून बसवतात की काय. बाई त्याच्याजवळ गेल्या, उकिडव्या बसल्या, म्हणजे त्यांचे डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीला आले. काहीतरी बोलल्या आणि त्याला तसाच उभा ठेवून निघून गेल्या. पंधरा मिनिटांनी तो आपला आपण वाळूत जाऊन बसला. मी वाटाण्यांचं टोपलं बाजूला ठेवलं आणि नाव घालून आले.

तिथे सगळंच गोड आहे असं नाही हं. पावसाळ्यात एक खोली गळते. बाईंची गाणी बेसूर आहेत आणि धाकटी आता घरी तशीच बेसूर म्हणते. पुस्तक नाही, वही नाही. पाहुणे विचारतात, “काय शिकलीस गं?” ती म्हणते, “काही नाही. खेळले.” आणि मग सगळे माझ्याकडे बघतात. जाऊबाईंचा मुलगा तिच्याच वयाचा, त्याला शंभरपर्यंत आकडे येतात.

इथे एक शिक्षिका म्हणून सांगते. मनगटात आठ छोटी हाडं असतात. ती जन्मतः कुर्च्यांची असतात, वर्षावर्षानं एकेक पक्कं होत जातं. तीन वर्षांच्या मुलाचा एक्सरे काढला तर त्यातली दोन-तीनच दिसतात. सगळी दिसायला नऊ ते बारा वर्षं लागतात. अशा हातात पेन्सिल देऊन रेघांच्या आत अक्षर काढायला लावलं, की पोर पेन्सिल मुठीत आवळून धरतं. ती सवय सहजी जात नाही. माझ्या पाचवीच्या वर्गात दरवर्षी तीन-चार मुलं अशी असतात, एक पान लिहिलं की हात झटकतात. कणीक मळणं, मणी ओवणं, कागद फाडणं, वाळूत बोटानं गिरवणं, ही लिहिण्याचीच तयारी आहे. फक्त ती वहीत दिसत नाही, म्हणून पाहुण्यांना दाखवता येत नाही.

आमच्या ह्यांना हे सगळं पटलं. तरी त्यांचा एक प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. ते म्हणाले, “तुझं सगळं बरोबर. पण त्या मोठ्या शाळेत नर्सरीतलीच मुलं पुढे पहिलीत घेतात. उद्या पहिलीचं दार बंद झालं तर?” रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही यावर बोलत होतो, आवाज न चढवता, कारण पलीकडे सासूबाई झोपल्या होत्या. माझ्याकडे याचं पक्कं उत्तर नव्हतं, आजही नाही. तीन वर्षांनी काय होईल ते तीन वर्षांनी बघू, आणि तोवर सेमी-इंग्रजीच्या दोन शाळा डोळ्यांसमोर ठेवू, एवढं ठरलं. “पैसे वाचतात हे मात्र खरं,” असं म्हणून ते झोपले. खरंच वाचतात. तिकडे वर्षाला ४५ हजार आणि रिक्षा वेगळी, इकडे महिन्याला १,२०० आणि पायी सात मिनिटं.

रिक्षावरून आठवलं. शाळा कितीही चांगली असली तरी दहा पोरं कोंबलेल्या रिक्षातून पाऊण तास जायचं असेल, तर तीन वर्षांच्या मुलाला तिथे घालू नका. दोन वर्षं जवळची धरा.

आता विट्याच्या ताईंच्या मुलाखतीबद्दल. प्रा. यशपाल यांच्या समितीनं १९९३ सालीच नर्सरीच्या प्रवेशासाठी चाचण्या-मुलाखती नकोत असं सांगितलं होतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं १३ वं कलम तर शाळेत प्रवेश देताना मुलाची किंवा आईबापांची पारख करायलाच बंदी घालतं. कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी असल्यानं नर्सरीवाले त्यातून अंग काढतात, मुलाखतीला ‘ओळख’ म्हणतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंही पहिलीचं वय सहा धरलंय, आणि त्याआधीची तीन वर्षं खेळातून शिकण्याची. तेव्हा ताई, फळांची इंग्रजी नावं आजपासून बंद. यजमानांना सांगा, कामावरून आल्यावर त्याला खांद्यावर घेऊन भाजी आणायला जा. परक्यांशी बोलायची सवय भाजीवाल्यापाशी होते. त्या दिवशी तो तिथे बोलला नाही, तर नाही बोलला. त्याला बाहेर आल्यावर काही विचारू नका, आणि त्याच्यादेखत फोनवर कोणाला सांगूही नका. मुलाखत खरं तर तुम्ही त्यांची घ्यायची आहे. विचारा, मूल रडलं तर काय करता? घरची भाषा बोलू देता का? शिक्षा करता का, आणि कसली? उत्तर देताना बाई तुमच्या मुलाकडे बघतात की घड्याळाकडे, तेही बघा.

शिकवायचंच असेल तर जूनपर्यंत एवढं शिकवा. शू आणि शी कोणालाही, कुठेही, आपल्या भाषेत बिनधास्त सांगायची. चड्डी आपली आपण खाली-वर करायची, म्हणून बटणाची नको, इलॅस्टिकची शिवा. डबा उघडायला शिकवा. बाजारात फार घट्ट झाकणाचे डबे मिळतात, पोरांची बोटं झिजतात आणि डबा तसाच घरी येतो. दुकानातच मुलाच्या हातात देऊन उघडायला लावून मग घ्या. डब्यात पहिले पंधरा दिवस नवं काही नको. तूप-गुळाची पोळी गुंडाळी करून, नाहीतर थालीपिठाचे चार तुकडे. केळं चिरून देऊ नका, काळं पडतं. वेलची केळं अख्खंच द्या.

पहिल्या दिवशी त्याची नजर चुकवून पळून येऊ नका. रडू दे. “मी जाते, आणि तू डबा खाल्लास की येते,” असं सांगून निघा, आणि त्या वेळेला पाच मिनिटं आधी दारात उभ्या राहा. माझी धाकटी नऊ दिवस रडली. दहाव्या दिवशी मी दारात पोचले तर ती मावशीच्या कडेवर होती आणि मला बघून म्हणाली, “आई, तू एवढ्यात का आलीस?”

ताई, तुमचं काय ठरतंय ते कळवा. पत्रावर नाव नसलं तरी चालेल.